काकूंचा उशीर

पूलवाले नाना आणि काकू यांच्या संसारात भांडणाचं कारण एकच होतं, आणि ते भिंतीवर टांगलेलं होतं. घड्याळ. नाना त्याच्याकडे बघत नसत, कारण त्यांना गरज नव्हती. काकू बघत नसत, कारण बघून काही उपयोग होत नसे.

नदीच्या अलीकडे शहर, पलीकडे गावं आणि सरहद्दीकडून येणारा मोठा रस्ता. मध्ये लोखंडी उचलता पूल. रात्री मालाचे पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, जायचे, म्हणून पूल वर उचललेला असे. उजाडायच्या बेताला नाना केबिनमध्ये जात, खिटी काढत, चाक फिरवत आणि पूल साखळ्या खळखळवत खाली येई. आधी दुधाचा ट्रक, मागून भाजीवाले, मग सायकलींवरचे कामगार. गिरणीचा भोंगा त्यानंतर. भोंगेवाला पुलाकडे बघूनच भोंगा देतो अशी थट्टा होती आणि भोंगेवाल्यानं ती कधी खोडून काढली नव्हती. ताप असो, वादळ असो, घरात दुःख असो, नानांचा नेम चुकला नाही. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा "आधी पूल, मग जावई" म्हणून ते केबिनकडे गेले होते.

काकूंचा आणि वेळेचा छत्तीसचा आकडा. दूध उतू गेल्याचा वास आला की त्यांना दूध ठेवल्याचं आठवायचं. सख्ख्या भावाच्या लग्नात त्या पोचल्या तेव्हा मंडळी जेवून हात धूत होती. "ही मेल्यावर वर पोचेल ना," नाना म्हणायचे, "तेव्हा देव दार लावून झोपलेला असेल."

"झोपू दे की. मी पायरीवर बसेन," काकू म्हणायच्या. "तुम्हीही आधीच येऊन बसलेले असालच."

एक गोष्ट मात्र काकूंची वेळेवर व्हायची, ती म्हणजे प्रार्थना. साखळी खळखळली की त्यांना जाग येई. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून त्या डोळे मिटत. तीही अशी की एक डोळा मिटलेला आणि दुसरा चुलीकडे. आटोपशीर. पण चुकली कधी नाही. "तुमच्या साखळीवर माझा देव चालतो," असं त्या नवऱ्याला कौतुकानं सांगत, आणि नाना ऐकू न आल्यासारखं करत.

मग जगात युद्ध पेटलं.

पुलाजवळच्या न्हाव्याला सगळे बातमीदार म्हणत. त्याच्या दुकानात रेडिओ होता, आणि आरशावर तो दाढीच्या फेसानं नकाशा काढायचा. हा एक देश, हा दुसरा, ही मधली नदी. रोज बातम्या झाल्या की एखादा देश बोटानं पुसून टाकायचा आणि गिऱ्हाइकाच्या गालावर तेच बोट पुसायचा.

"आज हाही गेला. दोन दिवसांत! काय वेग आहे बघा. वीज आहे वीज."

"अरे, आधी माझी दाढी कर," गिऱ्हाईक म्हणायचं. "तुझ्या विजेपायी अर्धा गाल तसाच राहिलाय."

आपला देश कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्यामुळे शहराला ते सगळं आरशातलंच वाटत होतं. आधी तीन देशांनी मिळून शेजाऱ्यांवर झडप घातली, मग समुद्रापार आग लागली, आणि जिथं तिथं तेच जिंकत होते. लोक त्यांच्या यंत्रांबद्दल बोलायचे, विमानांबद्दल बोलायचे, आणि खोटं कशाला बोला, थोडं कौतुकानंच बोलायचे.

पानगळ सुरू झाली तेव्हा सरहद्दीपलीकडून माणसं यायला लागली. त्यांतल्या एका बाईंना नाना-काकूंनी वरची खोली दिली. बाई शाळेत शिकवायच्या. आता ना शाळा राहिली होती ना ते गाव. अंगावरचा कोट आणि एक छत्री एवढंच घेऊन आल्या होत्या.

वरच्या खोलीत त्याआधी वसंतात एक पाहुणे राहून गेले होते. त्यांना पक्ष्यांचा नाद होता. गळ्यात दुर्बीण, बोलणं लोण्यासारखं. काकूंच्या हातच्या चहाची ते तारीफ करत, आणि नानांना म्हणत, "नाना, पाखरंसुद्धा तुमच्याइतक्या नेमानं उठत नाहीत हो." त्या दिवशी काकू दिवसभर गालातल्या गालात हसत होत्या. गेले तेव्हा पाहुण्यांनी खोली इतकी नीट लावून ठेवली होती की काकूंना झाडायलासुद्धा काही उरलं नाही.

खोलीत राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई जिना उतरून आल्या आणि बटाटे सोलायला बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "काकू, माझ्याआधी वर कोण राहायचं?"

"पक्षीवाले पाहुणे. का हो?"

"खुर्ची खिडकीशी ओढून ओढून जमिनीवर ओरखडे पडलेत. बराच वेळ बसत असतील तिथं."

"बसायचे ना! पहाटेपासून. भारी चिकाटी."

"पण पक्षी कुठून दिसायचे त्यांना?" बाई म्हणाल्या. "पाणपक्षी सगळे त्या वळणापलीकडच्या लव्हाळ्यात. त्या खिडकीतून फक्त पूल दिसतो."

काकूंच्या हातातला बटाटा तसाच राहिला. ती खिडकी त्यांनी स्वतः रोज पुसली होती. तिच्यातून काय दिसतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. नुसतं ध्यानात आलं नव्हतं.

"आमच्याकडे एक व्हायोलिन शिकवणारे होते," बाई सांगू लागल्या. आवाज अगदी वर्गातला, सरळ. "वेशीच्या दारासमोर घर घेतलं होतं त्यांनी. मुलांना फुकट शिकवायचे. आमच्या वेशीचं दार रात्रभर बंद असायचं, सकाळी पावाची गाडी आली की उघडायचं. दारवानकाका वेळेचे पक्के. एक दिवस पावाची गाडी आली, दार उघडलं, आणि गाडीच्या मागे त्यांचे सैनिक होते. अंधारात जवळ येऊन थांबलेले. काकू, लोक म्हणतात त्यांच्याकडे यंत्रं आहेत. आहेत ना. पण यंत्रांना दार कुणी उघडलं? आमची रोजची वेळ त्यांना पाठ होती. आम्ही जे जे चोख करत होतो, त्याच्यावर पाय ठेवून ते आत आले."

नाना दारात उभे होते. कधी आले ते कळलंच नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. काकूंनी लग्नापासून तो चेहरा कधी असा पाहिला नव्हता. इतकी वर्षं जे आपलं सोनं म्हणून जपलं, ते कुणीतरी तोलून घेऊन गेलं होतं.

नाना कचेरीत गेले. पुलांचे साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला. "नाना, तुम्ही म्हणता ते मी नाकारत नाही. पण वरून हुकूम आहे. सगळं रोजच्याप्रमाणे. घबराट होता कामा नये. खुर्चीवरच्या ओरखड्यांवरून मी पूल बंद ठेवू?"

"खुर्चीवर नाही साहेब, जमिनीवर."

"तेच ते. रोजच्याप्रमाणे चालू द्या."

नाना घरी आले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी ते केबिनमध्ये गेले, खिटीला हात लावला आणि हात मागे घेतला. पूल वरच राहिला.

काकूंना त्या दिवशी साखळीचा आवाज आलाच नाही. त्या जाग्या झाल्या त्या पलीकडच्या हॉर्नमुळे, आणि अलीकडच्या शिव्यांमुळे.

"नाना, अहो, आज झोप लागली काय?"

"घड्याळाला किल्ली द्यायची राहिली वाटतं काकूंकडून!"

भोंगेवाल्याची तर त्रेधा उडाली. पुलाकडे बघत बसला आणि त्या दिवशी गिरणी उशिरा सुरू झाली. पूल स्वच्छ उजेड पडल्यावर, पलीकडचा रस्ता दूरवर मोकळा दिसल्यावर खाली आला. शेजारची सून कडेवर तान्हं घेऊन भांडायला आली. "म्हातारं माणूस म्हणून गप्प बसले होते. माझ्या लेकराचं दूध कोण देणार?" नानांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून उजाडण्याआधी ते स्वतः होडी घालून पलीकडे जात, दूधवाल्याकडून तान्ह्यांपुरतं दूध घेऊन वल्हवत परत येत. हाताला फोड आले. तक्रार नाही. काकू फोडांना तेल लावायच्या. मनात म्हणायच्या, देवा, या माणसाची सगळ्या आयुष्याची अब्रू त्या चाकाला बांधलेली होती, ती यानं स्वतःच्या हातानं सोडली.

काही दिवसांनी काकूंच्या एक गोष्ट लक्षात आली. त्या खो-खो हसायलाच लागल्या.

"अहो, तुम्ही पुन्हा नेम धरलात की!"

"कसला नेम?"

"रोज चहा पिता, कप विसळून पालथा घालता आणि तडक पूल सोडायला जाता. पहाटेचा नेम मोडून चहानंतरचा केलात. नवी वेळ म्हणजे नवं आमंत्रणच ते."

नाना कपाकडे बघत राहिले. खरं होतं. त्यांनी प्रयत्न केला. चहाआधी सोडून बघितला, तर रोज चहाआधी सोडू लागले. त्या माणसाला अनियमित होताच येईना. जन्माची खोड ती.

"तुमच्याच्यानं नाही व्हायचं हे," काकू म्हणाल्या. "माझ्यावर सोपवा. मी सांगेन तेव्हा पूल सोडायचा."

"तू कशावरून ठरवणार?"

"ते मला तरी कुठं माहीत?"

बाई पहिल्यांदा हसल्या ते त्या दिवशी.

आणि मग त्या शहरात अशी गंमत चालली की सांगता सोय नाही. काकूंचं धुणं झालं की पूल खाली. कधी धुणं अर्धवट टाकून त्या शेजारी बोलायला जायच्या, की पूल वरच. कधी हरवलेली सुई सापडली म्हणून, कधी मांजर घरी आलं म्हणून. एवढंच बघायचं की उजेड चांगला पडलेला असावा. आयुष्यभर ज्या गुणापायी बोलणी खाल्ली, तो काकू आता मन लावून वापरत होत्या. केबिनच्या खिडकीतून नाना विचारायचे, "झालं का गं?" आणि स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "कशाचं काय! थांबा."

बातमीदारानं दुकानात जाहीर केलं, "नानांचा आता काही नेम नाही." लोक ते वाक्य येता-जाता म्हणू लागले. चिडून म्हणत होते, पण निघायची घाई करेनासे झाले. कामगार आदल्या संध्याकाळीच अलीकडे येऊन भावाबहिणींकडे राहू लागले. फक्त काकूंची प्रार्थना अवघड झाली. उठवायला साखळी नव्हती. पहिले काही दिवस त्यांना झोपेतून दचकून उठावं लागलं. मग हळूहळू आपसूक जाग येऊ लागली, अंधार असतानाच. आपला देव आता कुणाच्या साखळीवर चालत नाही याचं त्यांना नवल वाटलं, आणि थोडं बरंही.

तक्रारी मात्र कचेरीत साचल्या. एके संध्याकाळी साहेब स्वतः आले. उभ्याउभ्याच बोलले. "नाना, उद्या सकाळी पूल ठरल्या वेळी खाली आला पाहिजे. मी स्वतः येतोय. नाही आला, तर माझा नाइलाज आहे. दुसरा माणूस नेमावा लागेल."

साहेब गेल्यावर नाना खुर्चीत बसले ते उठेचनात. "दुसरा माणूस आला की तो वेळेवरच सोडणार," ते म्हणाले. "मग मी सोडला काय आणि त्यानं सोडला काय."

"मग सोडणार तुम्ही?"

"साहेब समोर उभे असतील गं."

काकूंनी खूप विचार केला. वाद घालणं त्यांना जमत नसे. शेवटी एवढंच म्हणाल्या, "बरं. पण माझी प्रार्थना आटोपल्याशिवाय नको. इतकी वर्षं तुमचा पूल आधी आणि माझा देव मागून. उद्या एक दिवस उलटं करा."

"एवढंच ना? तुझी प्रार्थना ती किती!"

सकाळी धुकं नव्हतं. आकाश नुसतं राखाडी झालं होतं. साहेब कोटाची कॉलर वर करून केबिनच्या दारात उभे होते, हातात घड्याळ. बाई कठड्याशी होत्या. साहेब येणार म्हणून होडी त्या दिवशी काठालाच बांधलेली होती. नानांनी खिटी काढली, चाकाचा दांडा धरला आणि घराच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीत काकू डोळे मिटून उभ्या होत्या. त्या दिवशी दोन्ही डोळे मिटलेले. चूल पेटवलेलीच नव्हती.

"वेळ झाली," साहेब म्हणाले.

"हिचं आटपलं की सोडतो साहेब. शब्द दिलाय."

"बरं, बरं. देवाचं आटपू दे."

काकूंनी आधी घरच्यांसाठी मागितलं. मग मुलीसाठी, जावयासाठी. मग शेजारच्या तान्ह्यासाठी, त्याच्या भांडकुदळ आईसाठी. आजवर घाईघाईत किती जणांची नावं राहून गेली होती. दूधवाला. भोंगेवाला. बाईंची शाळेतली मुलं, एकेक करून, बाईंनी सांगितली होती तशी. त्या मुद्दाम लांबवत होत्या हे खरं. पण लांबवता लांबवता ती खरीच प्रार्थना झाली. त्यांना एकेक चेहरा दिसू लागला, आणि आपण कुणाला फसवतोय हे त्या विसरूनच गेल्या.

"नाना, हे फार झालं," साहेब म्हणत होते. "आता मी स्वतः चाक फिरवेन हं!"

नानांचा हात दांड्यावर होता. तो हात वर्षानुवर्षं या घटकेला फिरत आला होता, त्याला मनाई ठाऊक नव्हती. स्नायू आतल्या आत उडत होते. नाना डोळे काकूंवर लावून उभे होते. कडाक्याच्या थंडीत कपाळावर घाम.

तेवढ्यात उजेड फाकला आणि वळणावरून दुधाचा ट्रक आला. सावकाश, दिवे बंद. दूधवाला कधी सावकाश येत नसे. त्याच्या मागे दुसरा ट्रक आला, करडा. मग तिसरा. मग रस्ताभर करडंच करडं. पूल खाली असणारच या भरवशावर ते एकमेकांना चिकटून येत होते. पहिल्यानं समोर आभाळाकडे गेलेलं लोखंड पाहून ब्रेक मारला, आणि मागचे एकेक करून पुढच्यावर आदळत गेले. दूधवाल्यानं हॉर्न दाबला तो दाबूनच धरला. मग दार उघडून त्यानं सरळ नदीत उडी टाकली आणि लव्हाळ्यात दिसेनासा झाला.

दुसऱ्या ट्रकमधून एक गृहस्थ उतरले. गळ्यात दुर्बीण. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, पुलाकडे पाहिलं, आणि खरोखर दुखावल्यासारखे ओरडले, "नाना! अहो, वेळ झाली ना!"

नदीवरून आवाज स्पष्ट आला. नानांनी चाकाचा दांडा उपसला, दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि पाण्यात फेकून दिला.

"पाहुणे," ते ओरडले, "आमचा आता नेम नाही!"

पलीकडून कुणीतरी बंदुकीचा नेम धरला. तोही चुकला. केबिनवरच्या पाटीचा टवका उडाला. साहेब तोपर्यंत टेलिफोनला चिकटले होते. त्यांचा आवाज एवढा मोठा असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "रोजच्याप्रमाणे काही नाही! ऐकू येतंय? रोजच्याप्रमाणे काहीही नाही!" मग त्यांनी नाना-काकूंच्या हाताला धरून त्यांना भिंतीआड ओढलं आणि भोंगेवाल्याकडे माणूस पिटाळला. भोंगा त्या दिवशी थांबलाच नाही.

फौजेला नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या पुलाकडे वळावं लागलं. पोचेपर्यंत तो आपल्या माणसांनी उडवला होता. युद्ध काही त्यामुळे संपलं नाही. पहिली दोन-तीन वर्षं त्यांचीच होती, सगळीकडे त्यांचीच. हे शहरही शेवटी त्यांच्या हाती गेलं. पण ते संध्याकाळनंतर, आणि रिकामं. दिवसभरात गाड्या भरून, पायी, सायकलींवर, माणसं निघून गेली होती, तान्ह्यांसकट. बातमीदारानं आरसा पाठीला बांधून नेला. वाटेत कुणी विचारलं, आज काय पुसलंस? तो म्हणाला, "आज फेस नाही काढला. आज नकाशाला हात लावायचा नाही."

दूरच्या एका शहरात, शाळेच्या रिकाम्या वर्गात, जमिनीवर सगळ्यांची अंथरुणं घातली होती. काकू इतक्या दमल्या होत्या की पहाट होत आली तरी हलल्या नाहीत. मग कानाशी काहीतरी खळखळलं. त्यांनी डोळे उघडले. नाना उकिडवे बसले होते. निघताना खिशात घातलेली पुलाची खिटी आणि तिला लोंबणारा साखळीचा तुकडा ते हळू हलवत होते, शेजारच्यांची झोप मोडणार नाही एवढ्याच आवाजात.

"ऊठ गं," ते कुजबुजले. "तुझी वेळ झाली."

काकू उठून खिडकीशी गेल्या. बाहेर ओळखीचं काही नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्यापासून सगळ्यांसाठी मागायला सुरुवात केली. नाना मागे उभे राहिले, हातात साखळी घट्ट धरून, ती वाजू नये म्हणून. कितीही वेळ लागला तरी चालणार होता.